वितळलेला फॅन रिले: दोष शोधून जुन्या मोटारीचे वायरिंग पक्के कसे करावे

रेडिएटरचा विजेचा पंखा बंद पडला म्हणून बॉनेट उघडावे, तर रिले (लहान प्रवाहाने पंख्याचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय स्विच) त्याच्या सॉकेटमध्ये चिकटून बसलेला आढळतो, हा प्रकार जुन्या मोटारींमध्ये वारंवार दिसतो. प्लास्टिक तपकिरी पडून फुगलेले असते, एखाद्या पिनेभोवती काळे वर्तुळ उमटलेले असते आणि त्या पिनेकडे येणाऱ्या वायरचे आवरण पहिले दोन-तीन सेंटिमीटर कडक होऊन वाकवताच तडकते. नवा रिले आणि नवे सॉकेट बसवले की पंखा लगेच फिरू लागतो, आणि बरेच जण तेथेच थांबतात. मात्र सॉकेट कशामुळे तापले हे शोधले नसेल, तर नव्या सॉकेटचीही तीच गत होते. बहुतेक वेळा रिले हा दोषी नसतो, तर शेजारच्या सैल टर्मिनलच्या उष्णतेने तो भाजलेला असतो. म्हणून पुढील विवेचनात जोडणीपेक्षा शोधाला अधिक जागा दिली आहे.

उष्णता कोठून येते

पंख्याची मोटर चालू असताना साधारण १० ते २५ अँपिअर प्रवाह घेते आणि सुरू होण्याच्या क्षणी याच्या कितीतरी पट अधिक. रिलेची पिन आणि सॉकेटमधील टर्मिनल यांची पकड घट्ट असेल, तर त्या जागी रोध जेमतेम एक-दोन मिलिओहम असतो. २० अँपिअरच्या प्रवाहात २ मिलिओहम रोधामुळे ०.८ वॅट उष्णता निर्माण होते आणि ती वायरमधून सहज पसरून जाते. वर्षानुवर्षांच्या तापण्या-थंडावण्याने टर्मिनलची स्प्रिंग ढिली पडली, त्यावर ऑक्साइडचा थर चढला आणि रोध ५० मिलिओहमपर्यंत गेला, तर तेवढ्याच प्रवाहात त्या जागी १ व्होल्ट खर्ची पडतो आणि २० वॅट उष्णता निर्माण होते. एखाद्या लहान सोल्डरिंग आयर्नचे टोक प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये खुपसून ठेवावे, असाच हा प्रकार असतो. उष्णतेने स्प्रिंग आणखी सैल पडते, रोध आणखी वाढतो आणि हे चक्र सॉकेट वितळेपर्यंत चालूच राहते.

एवढे सगळे होऊनही फ्यूज का उडाला नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. फ्यूज केवळ प्रवाह पाहतो. संपर्काच्या जागी रोध वाढला की परिपथातील एकूण प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो, त्यामुळे फ्यूजच्या दृष्टीने सर्व काही सुरळीत असते. यावर उपाय म्हणून मोठा किंवा लहान फ्यूज घालणे दोन्ही निरुपयोगी आहे, आणि मोठा फ्यूज घालणे तर धोकादायकही आहे. फ्यूजचे होल्डर स्वतःच वितळले असेल, तर तेथेही हेच कारण लागू पडते. पात्याच्या फ्यूजचे होल्डर आणि रिलेचे सॉकेट या दोन्हींतील टर्मिनले एकाच जातीची आणि एकाच वयाची असतात, म्हणून एक वितळले की दुसरे काढून पाहावेच.

दुसरी शक्यता अशी की प्रवाहच प्रमाणाबाहेर आहे. मोटरची बुशिंगे कोरडी पडली असतील, कार्बन ब्रश झिजून त्यांची पूड आत साचली असेल किंवा पंख्याची पाती आच्छादनाला घासत असतील, तर मोटर जास्त प्रवाह खेचते. फ्यूजच्या मर्यादेच्या थोड्या आत राहणारा असा प्रवाह तासन्‌तास वाहिला, तर वायरिंगचा सर्वांत कमकुवत दुवा आधी शरण जातो.

काम सुरू करण्यापूर्वी

इंजिन पूर्ण थंड झालेले असावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, आणि पात्यांजवळ हात नेण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे की काही मोटारींमध्ये किल्ली काढल्यानंतरही थर्मोस्विच, म्हणजे ठरावीक तापमानाला जुळणारा स्विच, पंखा सुरू करू शकतो. बॅटरीचे अर्थिंगचे, म्हणजे बॉडीला जोडलेले, टर्मिनल आधी सोडवावे. बहुतेक मोटारींत ते ऋण असते, पण जुन्या काळातील काही मोटारींत धन टर्मिनल बॉडीला जोडलेले असते. तुमची मोटार त्यांपैकी आहे का, हे आधीच पाहून ठेवावे, कारण पुढे रिले निवडताना आणि मोटर जोडताना त्याचा संबंध येतो.

जळालेल्या भागाची छायाचित्रे काही कापण्यापूर्वीच घ्यावीत. वितळलेल्या सॉकेटमधून वायरी एकदा सुट्या झाल्या की कोणती कोणत्या पिनेची हे रंगावरून ठरवणे भरवशाचे राहत नाही, कारण उष्णतेने रंग उडालेले असतात आणि आधीच्या एखाद्या मालकाने हाती लागेल त्या रंगाची वायर घातलेली असू शकते. प्रत्येक वायरला चिकटपट्टीची चिठ्ठी लावून त्यावर पिनेचा आकडा लिहावा. रिलेच्या पिनांचे आकडे जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकानुसार ठरलेले आहेत: ३० म्हणजे बॅटरीकडून येणारा धन पुरवठा, ८७ म्हणजे पंख्याकडे जाणारी बाजू, ८६ आणि ८५ ही कॉइलची, म्हणजे रिलेतील चुंबकाच्या वेटोळ्याची, दोन टोके. पाच पिनांच्या रिलेत मधली पिन अनेकदा ८७ए असते आणि कॉइल बंद असताना तिच्यावर पुरवठा असतो; पंख्याची वायर चुकून तेथे गेली, तर पंखा नको तेव्हा फिरतो आणि हवा तेव्हा थांबतो. काही पाच पिनी रिलेंमध्ये मात्र ८७ए ऐवजी दुसरी ८७च असते. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून रिलेच्या डबीवर छापलेली आकृती वाचल्याशिवाय बदली रिले घालू नये.

दोष नेमका कोठे आहे

पंखा अजून कसाबसा चालत असेल, तर ही तपासणी सॉकेट कापण्यापूर्वी करावी, कारण जळका संपर्क स्वतःच पुरावा देतो. त्यासाठी बॅटरी तात्पुरती पुन्हा जोडावी लागते. प्लास्टिक पूर्ण वितळून पिना एकमेकींना टेकण्याच्या बेतात असतील, तर हा भाग सोडून द्यावा आणि नवी जोडणी झाल्यावर मोजमाप घ्यावे.

ओहमच्या मापनाने येथे फारसे कळत नाही. साध्या मल्टिमीटरच्या तारांचाच रोध काही दशांश ओहम असतो, आणि आपण शोधतो आहोत तो दोष त्याहून लहान आहे. मोजायचे ते व्होल्टेज, तेही पंखा चालू असताना. मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या सर्वांत खालच्या पट्टीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर आणि दुसरे पंख्याच्या धन वायरवर लावावे. जे व्होल्टेज दिसेल ते वाटेत वाया गेलेले व्होल्टेज होय. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. एक व्होल्ट किंवा अधिक असेल, तर तोच मार्ग टप्प्याटप्प्याने मोजत यावे: बॅटरी ते फ्यूजची बॅटरीकडची बाजू, फ्यूजच्या एका बाजूकडून दुसरीकडे, तेथून पिन ३०, ३० ते ८७, आणि ८७ ते पंखा. फ्यूज होल्डर किंवा रिलेचे संपर्क यांवर प्रत्येकी ०.१ व्होल्टहून जास्त पडू नये.

एक बारकावा येथे महत्त्वाचा आहे. रिले सॉकेटमधून दोन-तीन मिलिमीटर वर उचलला, तर पिनेचा थोडा धातू उघडा दिसतो. एक टोक त्या धातूला आणि दुसरे सॉकेटच्या मागून त्याच पिनेच्या वायरला लावावे. एरवी तेथे काही शतांश व्होल्टच दिसायला हवेत. पंखा फिरत असताना तेथे ०.४ किंवा ०.५ व्होल्ट दिसले, तर दोष रिलेच्या आत नाही, टर्मिनलच्या पकडीत किंवा त्याच्या क्रिंपमध्ये, म्हणजे टर्मिनल वायरवर दाबून बसवलेल्या जोडात, आहे. रिलेचे आतले संपर्क खराब असतील, तर दोन पिनांच्या उघड्या धातूंमध्येच व्होल्टेज दिसते. हे दोन आकडे हाती आले की काय बदलायचे हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

ऋण बाजू लोक विसरतात. पंख्याच्या अर्थिंगमधूनही तेवढाच प्रवाह परत जातो, तेव्हा पंख्याची ऋण वायर आणि बॅटरीची ऋण खुंटी यांच्यामध्येही असेच मोजावे. ०.२ व्होल्टहून जास्त असेल, तर गंजलेला अर्थिंग स्क्रू किंवा इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी झिजलेली पट्टी शोधावी.

आता पंख्याची मोटर. सर्वप्रथम हाताने पाते फिरवून पाहावे. ते अडखळता कामा नये आणि खरखर येता कामा नये. नंतर फ्यूज घातलेल्या जाड वायरीने पंखा थेट बॅटरीला जोडून क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजावा. क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा. घरगुती विजेसाठीचे स्वस्त क्लॅम्प मीटर केवळ एसी मोजतात आणि मोटारीच्या वायरीवर शून्य दाखवतात. मोटरवर वॅट लिहिलेले असतील, तर त्यांना १२ ने भागून अपेक्षित प्रवाह काढावा: २४० वॅटची मोटर साधारण २० अँपिअर घेईल, इंजिन चालू असताना व्होल्टेज वाढते म्हणून थोडा अधिक. मोजलेला आकडा याच्या दीडपट असेल, तर मोटर दुरुस्त किंवा बदलल्याशिवाय वायरिंगला हात लावण्यात अर्थ नाही.

जळका भाग काढणे

वितळलेल्या सॉकेटमधून रिले स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याची घाई करू नये. पिनेबरोबर टर्मिनल ओढले जाते आणि धक्का शेजारच्या चांगल्या वायरींना बसतो. अशा सॉकेटच्या मागून वायरी कापून काढणेच सोयीचे. कापल्यानंतर तांब्याचा रंग पाहावा. पीव्हीसीचे आवरण जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो तांब्याच्या तारांवर चढून त्या काळ्या किंवा हिरवट करतो. अशा तारा पॉलिश पेपरने घासून चमकवता येतात, पण आवरणाखाली पुढे पसरलेला थर तसाच राहतो आणि नवे क्रिंप त्यावर धरत नाही. एकेक सेंटिमीटर मागे कापत, तांबे लखलखीत आणि आवरण लवचीक सापडेपर्यंत जावे. काही वेळा यात हातभर वायर जाते, आणि ती जाऊ द्यावी.

वायरच्या जुडग्याची टेप जळक्या जागेपासून दोन्ही बाजूंना किमान वीतभर उघडावी. तापलेली वायर शेजारणीच्या आवरणात रुतलेली असते. बाहेरून टेप शाबूत दिसली तरी आत दोन वायरींचे तांबे एकमेकांपासून केसभर अंतरावर असू शकते, आणि इंजिनाच्या कंपनांनी तेही अंतर उरत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मोटारींतील रबर आणि सुती वेष्टणाच्या वायरी तर नुसत्या हाताळण्यानेच भुगा होतात. तेथे ठिगळ लावण्याऐवजी पंख्यासाठी पूर्णपणे स्वतंत्र वायर टाकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

जळके टर्मिनल पक्कडीने दाबून पुन्हा घट्ट करणे ही सर्वाधिक दिसणारी आणि सर्वांत फसवी दुरुस्ती आहे. दाबल्यावर ते त्या दिवसापुरते घट्ट बसते खरे, पण एकदा अतितापलेल्या पितळेतील स्प्रिंगपणा निघून गेलेला असतो आणि तो दाबून परत येत नाही. निळसर किंवा जांभळट झाक आलेले प्रत्येक टर्मिनल टाकून द्यावे. रिलेच्या पिनेवर तशीच झाक असेल तर रिलेही टाकावा, कारण खराब पिन नव्या टर्मिनललाही खराब करते.

नवी जोडणी

वायरची जाडी निवडताना प्रवाह आणि लांबी या दोन्हींचा विचार करावा. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ७ मिलिओहम, तर ४ चौरस मिलिमीटरचा सुमारे ४.३ मिलिओहम असतो. २० अँपिअरच्या पंख्यासाठी दोन मीटरच्या वाटेवर पहिलीत ०.२८ व्होल्ट, दुसरीत ०.१७ व्होल्ट खर्ची पडतात. इंजिनजवळच्या उकाड्यात १५ अँपिअरवरील कोणत्याही पंख्यासाठी ४ चौरस मिलिमीटर घालावी, असे माझे मत आहे. मात्र ती निवडलेल्या टर्मिनलच्या क्रिंपमध्ये मावते का, हे आधी पाहावे. वायर मावत नाही म्हणून काही तारा कापून टाकणे म्हणजे जाड वायर घेण्याचा हेतूच मोडणे.

फ्यूज वायरच्या संरक्षणासाठी असतो आणि तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ, वीतभर अंतरात असावा. सततचा प्रवाह फ्यूजच्या क्षमतेच्या तीन-चतुर्थांशांच्या आसपास राहील असे पाहावे. २० अँपिअरच्या पंख्याला ३० अँपिअरचा फ्यूज योग्य. दोन पंखे असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र रिले आणि स्वतंत्र फ्यूज द्यावा, म्हणजे एका संपर्कावर दुप्पट भार येत नाही आणि एक बिघडला तरी दुसरा इंजिनाला तारून नेतो.

रिलेवर ४० अँपिअर असे छापलेले असले, तरी त्याच्या पिना ६.३ मिलिमीटरच्याच असतात, आणि त्या रुंदीच्या जोडणीला २५ अँपिअरच्या वर सतत ताणणे मला मान्य नाही. मोठ्या पंख्यासाठी ७० अँपिअरचा रिले घ्यावा. त्याच्या ३० आणि ८७ या पिना ९.५ मिलिमीटर रुंद असतात. धन अर्थिंगच्या मोटारीत कॉइलवर डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले उलटा जोडला जाऊन जळण्याचा धोका असतो, म्हणून तेथे रोधक असलेला किंवा साधा रिले वापरावा.

सॉकेट असे घ्यावे की ज्यात टर्मिनले सुटी येतात आणि वायरला क्रिंप करून मागून सरकवता येतात. वायरचे आवरण पाच-सहा मिलिमीटर सोलावे, तारा पिळू नयेत, आणि उघड्या पंखांच्या टर्मिनलसाठी असलेल्या रॅचेट क्रिंपरने पुढचे पंख तांब्यावर व मागचे पंख आवरणावर बसवावेत. तारांना आधी सोल्डर लावून मग क्रिंप करू नये: सोल्डर मऊ धातू असल्याने दाबाखाली हळूहळू सरकतो आणि काही महिन्यांत पकड ढिली पडते. क्रिंपनंतर सोल्डर ओतणेही टाळावे, कारण तो तारांमध्ये शोषला जाऊन वायर कडक करतो आणि कंपनांनी ती नेमकी त्या सीमेवर तुटते. प्रत्येक क्रिंप झाल्यावर वायर जोराने ओढून पाहावी. टर्मिनल सॉकेटमध्ये सरकवताना त्याचे अडकण ‘कट्’ असा आवाज करून बसते. तो आला नाही, तर रिले घालताना टर्मिनल मागे ढकलले जाते आणि अर्धवट स्पर्श राहतो.

जुन्या जुडग्याशी नवी वायर जोडताना हीट श्रिंक नळी (उष्णतेने आकसून जोडावर घट्ट बसणारी) आधीच वायरीत ओवून ठेवावी. आतून गोंद असलेली नळी घ्यावी, म्हणजे ओल आत शिरत नाही. अनेक वायरींचे जोड एकाच जागी न आणता मागे-पुढे ठेवावेत. जुडग्यावर गुंडाळण्यासाठी कापडी टेप वापरावी. साध्या पीव्हीसी टेपचा गोंद उष्णतेने पातळ होऊन बाहेर पाझरतो. पंख्याच्या अर्थिंगसाठी धन वायरीच्याच जाडीची वायर घ्यावी आणि लगखालचा, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीखालचा, रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडून दातेरी वॉशर घालावा.

सॉकेट एक्झॉस्टच्या नळ्यांपासून दूर आणि पिना खाली येतील असे बसवावे, म्हणजे पाणी पडले तरी ते आत न साचता ओघळून जाते.

काही जुन्या मोटारींत मूळ वायरिंगमध्ये रिले नसतोच. पंख्याचा सगळा प्रवाह रेडिएटरवरील थर्मोस्विचमधून जातो आणि वितळतो तो थर्मोस्विचचा कनेक्टर. अशा वेळी बॅटरीकडून फ्यूजमार्गे ३० ला, ८७ पंख्याला, इग्निशनचा पुरवठा ८६ ला आणि ८५ थर्मोस्विचमार्गे अर्थिंगला अशी जोडणी करावी. कॉइलला अवघे दीड-दोनशे मिलिअँपिअर लागतात, त्यामुळे थर्मोस्विचवर आणि इग्निशनच्या जुन्या वायरिंगवर भार राहत नाही. मोठा पंखा बसवण्याचा बेत असेल, तर आधी चार्जिंगची क्षमता पाहावी: जुन्या मोटारींत सर्रास आढळणारा ल्युकास सी४० डायनामो जेमतेम २२ अँपिअर देतो, आणि रात्री दिव्यांसह २० अँपिअरचा पंखा चालवला तर उरलेला भार बॅटरीवर पडतो.

चाचणी

बॅटरी जोडून, पात्यांपासून दूर राहून पंखा सुरू करावा. रेडिएटरच्या पुढच्या जाळीसमोर कागदाचा तुकडा धरल्यास तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला गेला, तर मोटरच्या वायरी उलट आहेत. त्यानंतर इंजिन चालू ठेवून थर्मोस्विच स्वतः पंखा सुरू करेपर्यंत थांबावे आणि पंखा सलग दहा मिनिटे फिरू द्यावा. आता आधीची व्होल्टेजची मोजमापे त्याच क्रमाने पुन्हा घ्यावीत आणि आकडे लिहून ठेवावेत. कॉइलमध्ये दीड-दोन वॅट खर्ची पडत असल्याने रिलेची डबी कोमट लागणे स्वाभाविक आहे. मात्र ३० किंवा ८७ च्या वायरीला सॉकेटजवळ बोट टेकवत नसेल, तर तो क्रिंप पुन्हा करावा. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरायचा असेल, तर चकचकीत धातूवर तो खोटा, कमी आकडा दाखवतो, म्हणून वायरच्या आवरणावर किंवा काळ्या टेपवर रोखावा.

इंजिन बंद करून थंड झाल्यावर पंखा थांबला आहे ना, हेही पाहावे. तो थांबत नसेल आणि रिले उपसताच थांबत असेल, तर आधी ८५ आणि ८६ मध्ये व्होल्टेज आहे का ते मोजावे. व्होल्टेज असेल तर थर्मोस्विच किंवा त्याची वायर अर्थिंगला चिकटलेली आहे. व्होल्टेज नसतानाही पंखा फिरत असेल, तर रिलेचे संपर्क आतून जुळून गेले आहेत आणि तो बदलावा. त्यानंतर महिनाभराने आणि एका कडक उन्हाळ्यानंतर लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पुन्हा एकदा मोजावे. एखाद्या जोडणीवरचे व्होल्टेज दुप्पट झालेले दिसले, तर प्लास्टिकचा रंग बदलण्याची वाट न पाहता ती उघडावी.